एकवीस मिनिटे हिरवळीवर

९ नोव्हेंबर २०४३ रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी विरूपाक्ष हालगे कुंपणातले छोटे फाटक उघडून शेजारच्या आवारात गेले, चपला फरशीवर काढल्या आणि अनवाणी हिरवळीवर चालू लागले. त्यांनी चौदा फेऱ्या मारल्या. सात वाजून एक मिनिटाने ते थांबले. त्याच मिनिटाला कॅनडातल्या कॅल्गरी शहरात केतकी देगावकर हिच्या फोनवर एक ओळ उमटली: 'आई आज आवारात एकवीस मिनिटे चालल्या.'

केतकीची आई त्या वेळी खिडकीलगतच्या पलंगावर पडून हे सगळे पाहत होती.

"किती आले?" हालगे खिडकीशी येताच सरोजिनी देगावकरांनी विचारले. मग स्वतःच उशाशी ठेवलेला फोन उचलून चष्म्याआडून वाचले. "ओळख एकाहत्तर टक्के."

"लागतात किती?"

"सत्तर. काठावर पास झालात, हालगे. कॉपी करून."

लातूरच्या औसा रस्त्यालगत मैत्री कॉलनीत हे दोन बंगले बावीस वर्षे शेजारी शेजारी उभे होते. देगावकरांनी मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवले होते, त्यामुळे शेजारीपाजारी, भाजीवाले, डॉक्टर सगळेच त्यांना नुसते 'बाई' म्हणत. वय शहात्तर. नवरा वारून अकरा वर्षे झालेली आणि एकुलती एक मुलगी परदेशात. हालगे एकाहत्तर वर्षांचे, अंगाने बारीक, मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी शिवलीला सहा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हते.

६ नोव्हेंबरला बाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याच्या हाडाला तडा गेला. शस्त्रक्रिया करावी तर हृदय भूल झेलणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. पडून राहायचे, हाड जमेल तेवढे जमू द्यायचे, एवढाच उपाय होता. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाईंनी हालग्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की केतकीला कळता कामा नये.

"कळलं तर काय होईल?" हालग्यांनी विचारले होते.

"येईल. आठ दिवसांत घर आवरेल. मला तिकडे नेईल. तिकडे आता उणे अठरा आहे. माझ्या खोलीची खिडकी कशी आहे, हे तिने मला फोटोत दाखवलंय. उघडत नाही."

"पण पायनोंद सांगेल की तिला. तीन दिवस झाले की तिला फोन जातो."

तिसऱ्या दिवशी सकाळी हालगेच म्हणाले, "मी चालून बघतो."

*

पायनोंद ही कॉलनीच्या हिरवळीची करामत होती. रेल्वेने पाणी आणून प्यावे लागलेल्या या शहरात घराघरापुढे लॉन असावे, हे हालग्यांच्या पिढीला चोरीसारखे वाटायचे. पण उन्हाळा पंचेचाळीसच्या खाली उतरेना तेव्हा कॉलनीने ये-जा करण्यापुरती पट्टी ठेवून आवारांतली बाकीची फरशी उखडून हरळीचे एक नवे, खोल मुळांचे वाण लावले. गवताने भिंती गार राहत. सांडपाणी शुद्ध करून त्यावरच ते जगे. मात्र ते पाणीही मोजकेच होते, आणि कुठे किती सोडायचे हा प्रश्न होता.

उत्तर गवतातच सापडले. पाते दबले की झाडाला ते कळते. दाब पडलेल्या जागेपासून विजेचा एक अगदी क्षीण ठोका मुळापर्यंत जातो. पायाखाली तुडवल्या गेलेल्या गवताला दुरुस्तीसाठी जास्त पाणी लागते, म्हणून तो एक प्रकारे पाण्याचा अर्जच असतो. मातीखाली कार्बनच्या, केसाएवढ्या बारीक तारांची जाळी अंथरली की हे ठोके वाचता येत. जिथे लोक चालतात तिथे पाणी जाई. गवत कापणारे यंत्रही, ज्याला कॉलनीत सगळे 'कासव' म्हणत, तेवढी जागा सोडून पुढे सरके. आणि ज्या आवारात सलग साठ दिवस पाऊल पडले नाही, ते घर रिकामे समजून त्याचे पाणी बंद होई.

पुढची गोष्ट कोणी मुद्दाम शोधायला गेले नव्हते. टाच आधी किती टेकते, वजन पंजावर कधी जाते, कुठला पाय रेंगाळतो, हे प्रत्येकाचे वेगळे असते. पंधरा दिवसांत जाळी घरातल्या माणसांना चालीवरून ओळखू लागली. ज्या कॉलनीत निम्म्या घरांतली मुले परदेशी होती, तिथे या ओळखीचा उपयोग सांगावा लागला नाही. आई सकाळी चालली का, एवढे कळले की मुलांचा दिवस बरा जाई. ज्या मुलांनी ही सोय घेतली होती, त्यांना आईचे पाऊल तीन दिवस पडले नाही की फोन जाई आणि पायनोंदीच्या केंद्रातला माणूस घरी येऊन बघे.

म्हातारपणी चाल बदलत जाते. म्हणून पायनोंदीला एक सवलत दिलेली होती. कालच्यापेक्षा आजची चाल थोडी वेगळी असेल तर ती त्याच माणसाची मानायची आणि उद्यासाठी तीच नवी खूण धरायची. थोडी म्हणजे किती, तर तीस टक्क्यांपर्यंत. हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गुडघेदुखी होती. शेजारी नव्हता.

*

हालग्यांना बाईंची चाल पाठ होती. डोळ्यांना बरे म्हणून दवावर अनवाणी चालायचा बाईंचा नेम कित्येक वर्षांचा. कुंपणापलीकडे चहाचा कप घेऊन उभे राहायचा हालग्यांचा नेम त्याच्या जवळपास तेवढाच जुना. बाईंचे पाऊल बावीस इंचांचे. डावा पाय किंचित ओढलेला. वळताना एक ठेका थांबणे, मग उजवा पाय आधी. आयुष्यभर जमिनी मोजलेल्या माणसाला हे लक्षात ठेवावे लागत नाही.

चालणे मात्र वेगळे निघाले. नोकरीत लागले तेव्हा जुन्या मापकांनी त्यांना मोजणीची साखळी आणण्याआधी पावलांनी बांध मोजायला लावले होते. प्रत्येक पाऊल सारखे पडले पाहिजे, नांगरटीत असो की खडकावर. पन्नास वर्षे तसेच पडत आलेले पाऊल आता चौदा फेऱ्या वाकडे पडायला तयार नव्हते.

"तिसऱ्या फेरीपासून पाय ओढायचं विसरलात," बाई खिडकीतून सांगत.

"विसरलो नाही. आपोआप सरळ पडतो."

"मोजणी खात्यातला माणूस आणि सरळ. ऐकणाऱ्याला खरं वाटायचं नाही."

"बाई, मी एकही बांध इकडचा तिकडे केला नाही."

"म्हणून तर निवृत्त झालात तेव्हा हार घालायला चारच माणसं होती. मी मोजली होती."

सकाळ अशी सुरू होई. नऊला प्रयागबाई येई, बाईंचे अंघोळपाणी आणि स्वयंपाक करी. हालगे वर्तमानपत्र वाचून दाखवत, औषधे देत, दुपारी ओसरीवर खुर्चीतच डुलकी काढत. संध्याकाळी बाई त्यांना शब्दकोडे घालत आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगून टाकत. रात्री जेवण झाले की ते फरशीवरून आपल्या घरी झोपायला जात.

आपण हे कोणासाठी करतो आहोत, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही असे नाही. केतकी आली तर बाई जातील. बाई गेल्या तर सकाळी सहा चाळीसला उठून काय करायचे? त्यामुळे ते रोज चालत राहिले, आणि ओळखीचा आकडा रोज थोडा चढत राहिला. डिसेंबरच्या अखेरीस तो चौऱ्याण्णव झाला.

"तुम्ही आता माझ्यापेक्षा जास्त मी झालात," बाई म्हणाल्या. त्या हसल्या, पण फोन त्यांनी नेहमीपेक्षा जरा आधी खाली ठेवला.

८ जानेवारीला हालग्यांच्या फोनवर संदेश आला: 'विरूपाक्ष हालगे यांचा आवारातला वावर साठ दिवसांपासून थांबला आहे. कृपया त्यांची खात्री करून घ्या.' जवळच्या माणसाचा नंबर भरायच्या रकान्यात त्यांनी सहा वर्षांपूर्वी स्वतःचाच नंबर टाकला होता. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.

त्यांनी 'खात्री केली' हे बटण दाबले. पण बटणाने पाणी येत नाही, पावलाने येते. आठवडाभरात त्यांच्या आवारातले गवत कडेने पिवळे पडू लागले आणि कासव कोपऱ्यात जाऊन बसले. दोन मिनिटे चालून आले असते तरी पाणी सुरू झाले असते. प्रयागबाईसुद्धा म्हणाली, "साहेब, बाईंच्या रानात येवढं हिंडूलालाव, आपल्या दारात जरा पाय टाका की."

"टाकतो," हालगे म्हणाले. टाकला नाही. तिथे चालताना खिडकीतून चूक काढणारे कोणी नव्हते.

*

केतकी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येणार होती. तिकीट काढलेले होते. बाईंनी हे हालग्यांना एकदाच सांगितले, तेही कपाळाला आठ्या घालून. पण जानेवारीच्या मध्यापासून मागची खोली उघडली गेली. गाद्या उन्हात पडल्या. बाईंनी प्रयागबाईकडून ज्वारीच्या पापड्या करवून घेतल्या आणि त्या हालग्यांना चाखायलाही दिल्या नाहीत. रोज दुपारी वॉकर धरून पलंगाजवळ उभे राहायचा सराव सुरू झाला. आधी दहा आकडे मोजेपर्यंत, मग वीस. आल्यावर केतकीला सगळे कळणारच होते. बाईंना ते चालणार होते असे दिसत होते, फक्त तिने उभी आई पाहावी एवढी त्यांची अट होती.

३१ जानेवारीच्या फोनवर केतकी पडद्यावर आली ती हसतच. रविवारच्या फोनसाठी बाईंना उशा लावून बसवत, केस विंचरत आणि कॅमेऱ्यात फक्त चेहरा येईल असा फोन ठेवत. हालगे दाराशी, पडद्याबाहेर उभे असत.

"आई, तुझा तीन महिन्यांचा अहवाल आलाय. तू काय केलंस गं? डावा पाय उजव्याएवढाच पडतोय. पाऊल चार इंचांनी वाढलंय. असं सहसा होत नाही म्हणतात."

"दवावर चालते," बाई म्हणाल्या.

"मी इकडे सगळ्यांना दाखवलं. शहात्तराव्या वर्षी." केतकी धरणांच्या भिंती तपासणारी अभियंता होती. भिंतीत तडा आहे की नाही हे तिला हजार मैलांवरून, आकडे बघून कळायचे, आणि तिचा आकडा अजून चुकला नव्हता. "आई, ऐक ना. इथे एका धरणाचं काम निघालंय. फेब्रुवारीत मला सोडवत नाहीत. तू आजारीबिजारी असतीस तर मी भांडले असते त्यांच्याशी. पण तू इतकी छान आहेस. डिसेंबरमध्ये येऊ का? चांगली महिनाभर राहीन."

बाईंचे बोट चादरीवर एक रेघ ओढत होते. पडद्यात ते दिसत नव्हते.

"बरं होईल," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत इकडे ऊन लागायला लागतं. तुला सोसत नाही."

फोन संपल्यावर हालगे दाराशीच उभे राहिले.

"चार इंच," बाई म्हणाल्या. "बावीसचे सव्वीस केलेत."

"बाई, माझ्या लक्षात..."

"ती मागची खोली बंद करायला सांगा प्रयागबाईला. धूळ जाते."

*

९ फेब्रुवारीला डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना त्यांनी हालग्यांना फाटकापर्यंत बरोबर घेतले. पायांवर सूज चढली होती, छातीत पाणी साठू लागले होते. "मुलीला बोलावून घ्या," डॉक्टर म्हणाले. "डिसेंबरचं मला सांगू नका. मी उन्हाळ्याबद्दलही बोलत नाहीये."

हालग्यांनी तीन दिवस काढले. त्या तीनही दिवशी ते चालले. १२ फेब्रुवारीला सकाळी चालून झाल्यावर, आठ वाजता, ओसरीच्या कठड्याला टेकून त्यांनी केतकीला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात झाले होते.

"केतकी, हालगे बोलतोय."

"बोला काका. आई बरी आहे ना?"

"नाही. बाई पडल्यात. सहा नोव्हेंबरला, न्हाणीघरात. खुब्याला तडा आहे. तेव्हापासून अंथरुणावर आहेत. आता हृदयाचं निघालंय. तू ये."

"काका, आई आज सकाळी एकवीस मिनिटं चालली."

"ते मी चाललो."

"तुम्ही?"

"रोज मीच चालतो. तुला कळू नये म्हणून. माझी चूक झाली."

"काका, आजची ओळख अठ्ठ्याण्णव टक्के आहे." तिचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. घाबरलेल्या माणसाशी बोलावे तसा. "दुसरं कोणी चाललं तर ते लगेच कळतं. एक विचारू? रागावू नका. कॉलनीच्या नकाशात तुमचं घर महिनाभर रिकामं दिसतंय. मला वाटलं, तुम्ही उदगीरला भावाकडे गेलात. तुम्ही आत्ता नक्की कुठे आहात?"

"इथंच. तुमच्या ओसरीवर."

"कोणी आहे का तुमच्याजवळ?"

हालग्यांनी बाईंच्या खिडकीकडे पाहिले.

"आईला द्या फोन," केतकी म्हणाली.

त्यांनी आत जाऊन फोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आई, तू पडलीस का गं नोव्हेंबरमध्ये? चालतेस ना तू?"

"चालते की," बाई म्हणाल्या. "तू बघतेस ना रोज."

"मग काका असं का..."

"हालग्यांचं मनावर घेऊ नकोस. घरात एकटे असतात. येतं काहीबाही मनात." एवढे बोलून त्यांनी फोन बंद केला.

हालगे पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीत बसले. बाहेर बाईंच्या आवारात कासव निघाले होते आणि हालग्यांनीच तुडवलेली पायवाट सोडून बाकीचे गवत कापत होते.

"बाई, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण..."

"प्रयागबाईने फाटकाशी ऐकलं. मला सांगितलं."

"मग तिला खोटं का सांगितलंत?"

"तिने तारीख पुढे ढकलली, हालगे. मी काय म्हणू, ढकलू नकोस?" बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "पोरीकडे हट्ट करायची मला सवय नाही. तिलाही नव्हती लहानपणी."

"आणि मला वेड्यात काढलंत."

"काढलं. चुकलं माझं."

हालगे उठले. "उद्यापासून मी चालणार नाही. तीन दिवस पाऊल पडलं नाही की केंद्राचा माणूस घरी येतो. तो येऊन बघेल. त्याचं तरी ती ऐकेल."

"ती येईल. मला घेऊन जाईल."

"हो."

"मग तुम्ही काय करणार?"

"ते मी बघतो," हालगे म्हणाले.

*

१३ फेब्रुवारीला सहा चाळीसला ते कुंपणापाशी आपल्या बाजूच्या फरशीवर कप धरून उभे राहिले आणि पलीकडे गेले नाहीत. बाईंच्या खिडकीचा पडदा उघडा होता. १४ तारखेलाही तेच. दोन्ही दिवस त्यांनी औषधे दिली, वर्तमानपत्र वाचले. शब्दकोडे झाले नाही. संध्याकाळी हालगे नेहमीपेक्षा लवकर घरी गेले आणि नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच आपल्या गवतावर थोडा वेळ थांबले. गवत पायाखाली कुरकुरले. त्यात आता ठोका उरला होता की नाही, कोण जाणे. पाणी काही सुटले नाही.

१५ फेब्रुवारीला ते पावणेसातला आत आले तेव्हा बाई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. केस विंचरलेले होते. प्रयागबाईला त्यांनी त्या दिवशी लवकर बोलावून घेतले होते.

"आज तिसरा दिवस," बाई म्हणाल्या. "मला हिरवळीवर न्या."

"बाई, हे जमायचं नाही."

"माझं आवार आहे. माझी मुलगी आहे. पाऊल माझं पडू दे. मग तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही, मलाही नाही."

"पडलाव तर?" प्रयागबाई म्हणाली. "मी सांगून ठेवलालेय, माज्यानं उचलनं व्हायचं नाही."

"पडले तर केंद्राच्या माणसाचं काम सोपं होईल."

डॉक्टरांचे शब्द हालग्यांच्या कानात होते. पण इतक्या दिवसांत बाईंनी त्यांच्याकडे काही मागितले असेल, तर ते हे. दोघांनी मिळून त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवले आणि फरशीच्या कडेपर्यंत आणले. प्रयागबाईने वॉकर गवतावर टेकवला. हालगे फरशीवरच थांबले. आपले पाऊल आज त्या गवतावर पडता कामा नये, हे त्यांनी पक्के ठरवले होते. गरज पडली तर हात पोचेल एवढ्या अंतरावर ते वाकून उभे राहिले.

बाईंनी उजवा पाय गवतावर ठेवला, मग डावा. थोडा वेळ त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

मग वॉकर पुढे सरला. एक पाऊल. डावा पाय ओढत आला. दुसरे. हालगे मनात मोजत होते. सहा इंच, पाच इंच, सात. तिसऱ्याला बाईंचा श्वास ऐकू येऊ लागला. हालग्यांनी तुडवून तयार केलेल्या पायवाटेवरून त्या गेल्या नाहीत, तिच्या शेजारून गेल्या. सातव्या पावलाला त्यांनी मान हलवली आणि प्रयागबाईने मागून खुर्ची लावली. बाई बसल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पायांना गवताची पाती चिकटली होती.

"सात," हालगे म्हणाले.

"मोजू नका. सही करायला आलात का मोजणीवर?"

त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. सात वाजून चार मिनिटे झाली होती. बाईंनी चष्मा लावून संदेश वाचला, पुन्हा वाचला आणि फोन हालग्यांपुढे धरला.

'आवारात अनोळखी पाऊल. श्रीमती देगावकर तीन दिवस चाललेल्या नाहीत. केतकी देगावकर यांना कळवले आहे. पोलिसांना कळवावे का, हे त्यांना विचारले आहे.'

ओळख चार टक्के होती.

जवळजवळ शंभर दिवस रोज थोडे थोडे करून त्यांनी या आवारातून बाईंना पुसून टाकले होते. तारांच्या त्या जाळीला आता देगावकर बाई म्हणजे फरशीवर उभा असलेला हा माणूस वाटत होता.

"चार टक्के," बाई म्हणाल्या. "मी शाळेत कुणाला इतके कमी दिले नाहीत. हजेरीचे म्हणून तरी पाच देत होते."

"बाई, आत चला."

"थांबा जरा. तिला संध्याकाळ आहे आता. जेवत असेल."

प्रयागबाईने शाल आणली. हालग्यांनी ओल्या फडक्याने बाईंचे पाय पुसले आणि खुर्ची ओसरीवर घेतली, फाटक दिसेल अशी. केतकीला फोन करण्यासाठी त्यांनी खिशात हात घातला. बाईंनी नको म्हटले. "तुम्ही सांगून झालंय. आता तिचं तिला बघू दे." त्या हात लांब करून त्यांच्या मनगटावर क्षणभर ठेवतील असे हालग्यांना वाटले. त्यांनी शाल नीट केली.

आठ वाजून बावन्न मिनिटांनी केतकीने संदेश उघडला, असे बाईंच्या फोनवर दिसले. पोलिसांना कळवायचे की नाही, यावर तिने काय उत्तर दिले ते दिसत नव्हते. नऊ वाजले, दहा वाजले. डॉक्टरांनी दिलेली गोळी बाईंनी घेतली. पोलीस आले नाहीत, केंद्राचा माणूसही नाही. फोन आला नाही. दोनदा बाईंचा डोळा लागला आणि दोन्ही वेळा जागे झाल्यावर त्यांनी आधी फोनकडे पाहिले, मग हालग्यांकडे.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी, कॅल्गरीत रात्रीचे पावणेअकरा वाजून गेलेले असताना, पायनोंदीची एक ओळ आली: 'केतकी देगावकर यांनी ६ नोव्हेंबरपासूनच्या सर्व पावलांच्या मूळ नोंदी मागवल्या आहेत.'

हालग्यांनी ती बाईंना वाचून दाखवली. त्या नोंदींत बावीसचे सव्वीस कसे झाले, ते दिवसागणिक होते. दुपारी बारापर्यंत त्यापुढे काही आले नाही.